हिब्रू शब्दांतून शिकलेला व्यवहारधर्म

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या मुलीने हिब्रू भाषा कशासाठी शिकावी, हा प्रश्न मला गेल्या दोन वर्षांत पुष्कळांनी विचारला. कुणी कौतुकाने विचारला, कुणी थट्टेने. मराठी ही घरची भाषा, कन्नड बाजाराची आणि कचेरीची, इंग्रजी परीक्षेची; या तीन भाषांतच आपली पुरेशी ओढाताण होत असताना चौथीचा उपद्व्याप कशाला, असे त्यांचे म्हणणे. या प्रश्नाचे उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून हा लेख लिहीत आहे. हिशेब कसा लिहावा हे मी कॉलेजात शिकते. पण हिशेबाच्या पलीकडचा माणूस कसा पाहावा, हे शिकविणारे काही शब्द मला हिब्रूत भेटले. त्यांपैकी निवडक शब्द वाचकांपुढे ठेवते.

हिब्रू आणि मराठी

हिब्रू ही पश्चिम आशियातील भाषा. तिचा आपल्याशी काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. परंतु मराठीला ती अगदीच अनोळखी नाही. कोकणात अलिबाग, रेवदंडा, पेण या भागांत शेकडो वर्षे राहिलेले बेने इस्राएल हे ज्यू लोक मराठीच बोलत आले. त्यांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढी वाचली. पुढे त्यांनी तेलाचे घाणे चालविले. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस; त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. १८३२ साली जॉन विल्सन या मिशनऱ्याने मुंबईत हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. १८७४ साली पुण्यात वल्हांडण सणाची 'हगादा' ही पोथी मराठी भाषांतरासह निघाली. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तेथेही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले.

माझी आत्या अलिबागला असते. बारावीच्या परीक्षेनंतर मी तिच्याकडे राहावयास गेले, तेव्हा तिच्या ओळखीच्या एका वृद्ध बेने इस्राएल गृहस्थांनी मला हिब्रूची अक्षरे शिकविली. मी त्यांना आजोबाच म्हणते. पुढील धडे फोनवरून आणि त्यांनी दिलेल्या एका जुन्या पुस्तकावरून झाले. त्यांची पद्धत साधी होती. आठवड्याला एकच शब्द द्यायचा आणि म्हणायचे, "पोरी, शब्द नुसता पाठ करू नको. बाजारात नेऊन बघ, तिथे तो काय करतो." मी तसेच करीत गेले.

प्रथम एक गोष्ट समजून घ्यावी. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. अक्षरे २२, आणि ती सारी व्यंजने. स्वर दाखविण्यासाठी अक्षरांच्या खाली-वर ठिपके देण्याची सोय आहे, पण वर्तमानपत्रांत ते ठिपके छापत नाहीत. वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखायचे. मोडी वाचताना ऱ्हस्व-दीर्घ असेच ओळखावे लागते. बहुतेक हिब्रू शब्द तीन व्यंजनांच्या मुळापासून होतात. आपल्याकडे संस्कृत धातूपासून शब्दांचे घराणे तयार होते, तसेच हे. एक मूळ समजले की त्या घराण्यातील माणसे एकमेकांची ओळख करून देऊ लागतात. सगळी शिकवण या ओळखींतच आहे.

धडा पहिला : येश ली

'माझ्याकडे पैसे आहेत' हे हिब्रूत सांगायचे तर 'येश ली केसेफ' असे म्हणतात. शब्दशः 'आहे मला रुपे'. इंग्रजीत 'बाळगणे' या अर्थाचे एक क्रियापद असते आणि मालक हा त्या वाक्याचा कर्ता असतो. हिब्रूत तसे क्रियापद नाही. मराठीतही नाही, आपण 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याजवळ पैसे आहेत' असेच म्हणतो. कन्नडमध्ये 'नन्न हत्तिर हण इदे' म्हणतात, तेथेही वस्तू 'असते' आणि मी तिच्या बाजूला उभा असतो. तीन वेगळ्या भाषाकुलांतील या तीन भाषा, पण मांडणी एकच.

यावरून हे तिन्ही समाज निर्लोभी आहेत असे सिद्ध होत नाही, हे उघड आहे. पण तोरा या मूळ धर्मग्रंथातील एक कल्पना या रचनेमुळे माझ्या लक्षात राहिली. लेवीय या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात जमीन कायमची विकू नये असे सांगितले आहे, कारण जमीन देवाची आणि माणसे तिच्यावरचे पाहुणे. माझ्याकडे जे आहे ते सध्या माझ्याकडे आहे, एवढेच. पुढचे सर्व शब्द या पायावर उभे आहेत.

धडा दुसरा : त्सेदाका

शब्दकोशात 'त्सेदाका' याचा अर्थ 'दान' असा दिलेला असतो. पण त्याचे मूळ पाहावे. त्सादी, दालेत, कोफ या तीन अक्षरांपासून 'त्सेदेक' म्हणजे न्याय, 'त्सादीक' म्हणजे न्यायी माणूस आणि त्यांच्याच घरातला शब्द त्सेदाका. म्हणजे गरिबाला देणे ही दात्याची मेहेरबानी ठरत नाही. ते त्याचे देणे आहे. ताळेबंदात लिहायचे झाले तर ही रक्कम देणग्यांच्या सदरात न जाता देण्यांच्या बाजूला जाईल. शेताचा कोपरा कापणी न करता गरिबांसाठी सोडावा, असे तोरा सांगते. तो कोपरा मालकाने वाटायचा नसतो, गरिबांनी हक्काने येऊन कापायचा असतो. आणि जो स्वतः दानावर जगतो, त्यानेही त्यातून थोडे दुसऱ्याला द्यावे, असे तालमूद या ग्रंथात आहे. देण्याचा मान गरिबाकडूनही काढून घेतलेला नाही.

बाराव्या शतकात इजिप्तमध्ये वैद्यकी करणाऱ्या मायमोनिडीस या पंडिताने दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. सर्वांत खालची पायरी कुरकुरत देणाऱ्याची. तिच्यावर कमी पण हसतमुखाने देणारा, त्याच्यावर मागितल्यावर पुरेसे देणारा, मग न मागता देणारा. त्याहून वरच्या पायऱ्यांवर देणारा आणि घेणारा यांना एकमेकांची ओळख कमी कमी होत जाते. सर्वांत वरच्या पायरीवर मात्र दान दिसतच नाही. तेथे कर्ज देणे, भागीदारीत घेणे, काम मिळवून देणे आहे, म्हणजे समोरच्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी म्हणून मला याचे फार समाधान वाटले. आपण ज्याला धंदा म्हणतो, तो नीट केला तर दानाहून वर बसू शकतो. त्याच बाराव्या शतकात आपल्या कर्नाटकात, कल्याणला, बसवण्णांनी कायक आणि दासोह या कल्पना मांडल्या, हे आमच्या कन्नड विभागाच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

सार्वजनिक दानपेटीचा नियम तर आमच्या लेखापरीक्षणाच्या पुस्तकात शोभेल असा आहे. इसवी सनाच्या सुमारे २०० साली संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात म्हटले आहे की ही पेटी दोघांनी मिळून गोळा करावी आणि वाटप तिघांनी मिळून करावे. संशयाला जागा राहू नये म्हणून पैसे गोळा करणाऱ्यांनी बाजारात एकमेकांपासून दूर होऊ नये, अशी पुस्ती पुढे तालमूदने जोडली.

मराठीतही 'धर्म करणे' म्हणजे दान करणे. सरकारी कचेरीलाही 'धर्मादाय आयुक्त' म्हणतो. कर्तव्याचा आणि दानाचा शब्द आपल्याकडेही एकच होता. रोज तोंडात असल्यामुळे तो कानांना ऐकू येईनासा झाला, एवढेच.

धडा तिसरा : न्यायाचे दगड

हेच त्सेदेक आता तराजूत बसते. लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायात न्यायाचा तराजू, न्यायाची वजने, न्यायाचे धान्यमाप आणि न्यायाचे तेलापाण्याचे माप ठेवण्याची आज्ञा आहे. चार वस्तू, आणि चारही वेळा त्सेदेक हा शब्द पुन्हा येतो. वजनाला तेथे 'एवेन' म्हणजे दगड म्हणतात, कारण वजने दगडांचीच असत. पिशवीत दोन प्रकारचे दगड, घेण्याचा मोठा आणि देण्याचा लहान, बाळगू नयेत असे अनुवाद या पुस्तकात निराळे सांगितले आहे. बाळगूच नयेत, वापरणे तर पुढची गोष्ट.

मिश्नाने तर दुकानदाराला वेळापत्रकच दिले. मापे आठवड्यातून दोनदा स्वच्छ करावीत, वजने आठवड्यातून एकदा पुसावीत आणि तराजू प्रत्येक वजनानंतर पुसावा. मापाला तेल चिकटून राहते आणि तेवढे गिऱ्हाइकाला कमी जाते, हे आमच्यासारख्या किराणा दुकानाच्या घरात वाढलेल्यांना ठाऊक असते. आज २००९ च्या वैध मापनशास्त्र कायद्याप्रमाणे वजनकाट्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. शिक्का ठरावीक मुदतीने एकदा होतो. काटा पुसणे मात्र रोजचे.

धडा चौथा : नेशेख

व्याजाला तोरामध्ये 'नेशेख' हा शब्द आहे. त्याचे मूळ 'चावणे' या क्रियेचे. जुन्या भाष्यकारांनी याची तुलना सापाच्या दंशाशी केली : चावा लहान दिसतो, कळतही नाही, आणि मग सर्वांगाला सूज येते. चक्रवाढ व्याजाचे सूत्र आम्ही अकरावीत पाठ केले, पण त्याचे इतके नेमके वर्णन मी वाचले नव्हते. त्याच ठिकाणी दुसराही एक शब्द येतो, 'तारबीत', म्हणजे वाढ. देणाऱ्याच्या वहीत जी वाढ, ती घेणाऱ्याच्या अंगावर चावा. एकाच रकमेची ही दोन नावे म्हणजे द्विनोंदी पद्धतच झाली, फरक इतकाच की येथे दोन्ही बाजूंना माणसे उभी आहेत.

प्रामाणिकपणे सांगायला हवे की ही बंदी आपल्या समाजबांधवांपुरती होती. परक्याकडून व्याज घेण्यास तोरामध्ये मुभा आहे. व्यापार वाढला तसा त्यातून मार्गही काढला गेला. 'हेतेर इस्का' या कराराने कर्ज देणारा हा भागीदार मानला जातो आणि व्याजाऐवजी नफ्याचा वाटा घेतो. इस्राएलमधील बँका आजही असा करार करून ठेवतात. कुणी याला पळवाट म्हणेल. पण निदान कागदावर तरी सावकाराला धंद्याच्या नुकसानीत सहभागी व्हावे लागते, हे तत्त्व त्यात टिकून आहे.

मराठीतील 'व्याज' शब्दाकडे मी यानंतरच नीट पाहिले. संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, कपट. म्हणूनच निष्कपट प्रेमाला आपण 'निर्व्याज' म्हणतो. आणि व्याज मुदलाहून अधिक होऊ नये, हा 'दामदुपट'चा जुना नियम मुंबई इलाख्यातील न्यायालयेही मानीत होती. चाव्याला मर्यादा असावी, हे आपल्या पूर्वजांनाही कळत होते.

धडा पाचवा : ओनाआ

'ओनाआ' म्हणजे भावात केलेला अन्याय. मिश्नात याचे गणित दिलेले आहे. मालाच्या वाजवी किमतीपेक्षा एक षष्ठांश फरक पडला, तर तो अन्याय ठरतो. तालमूदने पुढे स्पष्ट केले की फरक एक षष्ठांशाहून कमी असेल तर व्यवहार कायम. बरोबर तेवढा असेल तर व्यवहार कायम, पण फरक परत. अधिक असेल तर व्यवहार मोडता येतो. वस्तू एखाद्या जाणत्या व्यापाऱ्याला किंवा नातेवाइकाला दाखविण्यास लागेल तेवढी मुदत गिऱ्हाइकाला मिळते. फसलेला विक्रेता असेल तर त्यालाही दाद मागता येते.

आम्हांला शिकविला जाणारा १८७२ चा भारतीय करार कायदा निराळ्या वाटेने जातो. त्याच्या २५व्या कलमाच्या स्पष्टीकरणानुसार, संमती मोकळेपणाने दिलेली असेल तर केवळ मोबदला अपुरा आहे म्हणून करार रद्द होत नाही. अपुरा मोबदला हा फार तर संमती खरी होती की नाही हे तपासण्याचा एक पुरावा. अडलेल्या माणसाची संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न मला परीक्षेनंतरही पडत राहिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्यायकारक कराराविरुद्ध तक्रार करण्याची सोय झाली, ती या दृष्टीने महत्त्वाची वाटते.

याच अध्यायात पुढे एक चमत्कारिक नियम येतो : ओनाआ जशी भावात होते, तशी शब्दांतही होते. घ्यायचे नसताना दुकानदाराला भाव विचारू नये, कारण त्याच्या मनात उगाच आशा निर्माण होते. चुकीच्या मार्गावरून परत आलेल्याला त्याची मागची कृत्ये आठवून देऊ नयेत. आणि दोहोंत शब्दांची ओनाआ अधिक वाईट, कारण पैसा परत करता येतो; बोललेले परत घेता येत नाही.

धडा सहावा : चेहरा पांढरा करणे

शब्दांच्या अन्यायातला सर्वांत मोठा म्हणजे 'हलबानत पानीम'. 'लावान' म्हणजे पांढरा, 'पानीम' म्हणजे चेहरा. चारचौघांत एखाद्याचा अपमान करणे याला हिब्रूत 'चेहरा पांढरा करणे' म्हणतात, आणि तालमूदने ते रक्त सांडण्याच्या बरोबरीचे मानले आहे; कारण अपमान झालेल्याच्या चेहऱ्यावरचे रक्त उतरते आणि तो पांढरा पडतो.

हा शब्द मला आजोबांनी फोनवर सांगितला, तेव्हा अर्थ समजण्यास वेळ लागला नाही. २०२० साली टाळेबंदीत आमच्या दुकानाची विक्री बसली. उधारी अडकली. बाबांनी एका खासगी सावकाराकडून कर्ज घेतले. दुसऱ्या वर्षी दोन हप्ते थकले, आणि ऐन दिवाळीच्या गर्दीत वसुलीचा माणूस दुकानात येऊन उभा राहिला. रक्कम किती, कधीची, हे त्याने सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असे सांगितले. मी गल्ल्यावर होते. बाबांचा चेहरा पांढराफटक पडलेला मी पाहिला. ते काही बोलले नाहीत. समोरच्या बाईंची साखर तोलून दिली, पैसे मोजून घेतले आणि आत गेले. आईच्या पाटल्या विकून ते कर्ज पुढे चार महिन्यांत फिटले. व्याजासह सगळा हिशेब मिटला. पण त्या दिवशी जे गेले, ते कोणत्या खात्यावर लिहायचे हे मला कुठल्याच पुस्तकात सापडले नव्हते. हिब्रूत त्या खात्याला नाव आहे, एवढे मला कळले.

अनुवाद पुस्तकाच्या २४व्या अध्यायात धनकोसाठी एक नियम आहे. गहाण वस्तू आणण्यासाठी त्याने ऋणकोच्या घरात शिरू नये. बाहेर उभे राहावे आणि ऋणकोने स्वतः वस्तू बाहेर आणून द्यावी. ऋणको गरीब असून त्याने पांघरूण गहाण ठेवले असेल, तर सूर्यास्तापूर्वी ते परत द्यावे. येथे कर्ज माफ केलेले नाही. धनकोचा हक्क पूर्ण मान्य आहे. पण त्या हक्काला उंबरठ्यापाशी थांबविले आहे. आपल्या राज्यात लहान कर्जांच्या वसुलीतील छळाच्या तक्रारी इतक्या वाढल्या की फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारला सक्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. उंबरठ्याचा तो नियम किती जुना आणि किती आजचा आहे, हे यावरून दिसेल.

धडा सातवा : शालेम

'शालोम' हे अभिवादन अनेकांनी ऐकले असेल. त्याचा अर्थ शांती. त्याच मुळाचा 'शालेम' म्हणजे पूर्ण, अखंड. आणि त्याच मुळाचे क्रियापद 'लेशालेम' म्हणजे पैसे देणे, देणे चुकते करणे. तेव्हा देणे राहिले असेल तर काहीतरी अपुरे आहे, फुटलेले आहे, आणि ते भरून आल्याशिवाय शांती नाही. रोजगाऱ्याची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यात गुंतलेला असतो, असे तोरा सांगते. 'देतो उद्या' हे शब्द आपल्या बाजारात किती सहज उच्चारले जातात! हमालाचे, मोलकरणीचे, शिलाईवालीचे पैसे 'उद्या'वर टाकताना आपण एखाद्याची शांती उद्यावर टाकतो, हे या एका मुळाने मला शिकविले.

धडा आठवा : राहामीम

आतापर्यंतचे शब्द हिशेबाचे होते. हा शेवटचा हिशेबात न बसणारा. 'राहामीम' म्हणजे करुणा, आणि 'रेहेम' म्हणजे गर्भाशय. दोन्हींचे मूळ एक. मुंबईत मसजिद बंदरजवळ १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलेले सिनेगॉग 'शआर हाराहामीम' म्हणजे करुणेचे द्वार या नावाने ओळखले जाते. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाल्याबद्दल त्यांनी ते बांधले, असे बेने इस्राएल समाजात सांगतात.

करुणा आणि गर्भाशय यांचे हे नाते ऐकून मला आपली भाषा आठवली. 'अपराध पोटात घालणे' असे आपण म्हणतो. क्षमा करण्यासाठी मराठीलाही पोटच आठवले. न्यायाचे सगळे नियम पाळूनही समोरचा देऊ शकत नाही, अशी वेळ येते. तेथे त्सेदेक संपते आणि राहामीम सुरू होते. पण क्रम ध्यानात घ्यावा. आधी माप पुसायचे, मजुरी द्यायची, चेहरा राखायचा आणि त्यानंतर करुणा. वजनात मारायचे आणि देवळात घंटा बांधायची, ही करुणा नव्हे.

दोन इशारे

या अभ्यासात दोन गोष्टींपासून जपावे लागते. पहिली, शब्दांच्या दिसण्यावर भाळू नये. हिब्रूत 'दामीम' म्हणजे रक्त आणि 'दामीम' म्हणजेच किंमत. आपला 'दाम' हा शब्द ऐकून मला वाटले, नाते सापडले! पण आपला दाम 'द्रम्म'वरून आणि तो ग्रीकांच्या नाण्यावरून आलेला आहे. दामीमशी त्याचा संबंध नाही. सारखेपणाचा आनंद घ्यावा, पण पुरावा पाहिल्याशिवाय नोंद करू नये, हा नियम लेखाशास्त्रात आणि भाषाशास्त्रात सारखाच आहे.

दुसरी, चांगला शब्द जवळ असला म्हणजे वागणे चांगले होतेच असे नाही. परक्याशी न्यायाने वागण्याची आज्ञा तोरामध्ये पुन:पुन्हा येते. तरीही मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक इस्राएलला गेले, तेव्हा त्यांच्या विवाहांबाबत तेथील धर्मपीठाने शंका घेतल्या आणि पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळविण्यासाठी त्यांना १९६४ साली आंदोलन करावे लागले. आजोबांना याविषयी विचारले तेव्हा ते म्हणाले, "काट्याचा दोष नाही गं. तोलणाऱ्याचा हात बघायचा." शब्द हा काटा आहे. तो घरात असला तर निदान तोलता तरी येते, आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाही त्याच काट्यावर बोट ठेवून दाद मागता येते. त्या लोकांनी तेच केले.

शेवटी

आम्ही सीमाभागातली मुले. भाषा म्हणजे कोणत्या बाजूचे, हे विचारण्याचे साधन, असे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. हिब्रूने मला भाषेचा दुसरा उपयोग दाखविला. जिच्याशी आपले कसलेही भांडण नाही, अशी भाषा शिकताना कान मोकळे राहतात. आणि त्या मोकळ्या कानांनी परत आले, तेव्हा धर्म, व्याज, पोट, पांढराफटक हे आपलेच शब्द मला नव्याने ऐकू आले. कन्नडमधील कायक आणि दासोह हेही.

पदवीनंतर मी बाबांबरोबर दुकानातच बसणार आहे. आमच्या उधारीच्या वहीत आज ४३ नावे आहेत. वसुली तर करावीच लागेल. दुकान चालायचे तर पैसा परत आला पाहिजे. पण ती कशी करायची याचे दोन नियम बाबांनी आणि मी मिळून ठरविले आहेत. गिऱ्हाईक समोर असताना कुणाच्या बाकीचा विषय काढायचा नाही. आणि कुणाच्या घरी जावेच लागले, तर उंबरठ्याबाहेर उभे राहून बोलायचे.

माझ्या वाणिज्य शाखेच्या मित्र-मैत्रिणींना एकच सुचवावेसे वाटते. हिब्रूच शिकली पाहिजे असे नाही. कन्नड मुलांनी मराठीतले आणि मराठी मुलांनी कन्नडमधले व्यवहाराचे सात शब्द घ्यावेत : कर्ज, व्याज, मजुरी, माप, उधार, लाज, दान. त्यांची मुळे शोधावीत, ते शब्द बाजारात न्यावेत आणि तिथे ते काय करतात हे पाहावे. वर्षाच्या शेवटी एक लहानशी वही तयार होईल. ताळेबंदाशेजारी ठेवण्यासारखी ती वही असेल, याबद्दल मला शंका नाही.